सुपरमॅनने चौथ्या अंकात दिलेलं उत्तर

गेला आठवडाभर रोज रात्री जेएलए वाचतोय, परत, म्हणजे जस्टिस लीगचं, सुपरमॅन-बॅटमन वगैरे सुपरहिरोंच्या टीमचं डीसी कॉमिक. १९९७ च्या जानेवारीचा पहिला अंक काढला आणि २००० मधल्या ४१ व्या अंकापर्यंत गेलो, म्हणजे ग्रँट मॉरिसनने लिहिलेला भाग, मधे काही अंक दुसऱ्या लेखकांचे आहेत ते यावेळी सोडून दिले. बहुतेक चित्रं हॉवर्ड पोर्टरची, त्यांच्यावर शाईचं काम (इंकिंग) जॉन डेलचं. पहिल्यांदा वाचली तेव्हा खरं सांगायचं तर मला त्यात फक्त बॅटमन दिसला होता.

आणि दिसणारच ना. पहिल्या चार अंकांची गोष्ट अशी आहे की हायपरक्लॅन नावाची परग्रहावरची टोळी पृथ्वीवर येते, सहारा वाळवंट हिरवंगार करून दाखवते, गुन्हेगारांना भर चौकात ठार मारते, आणि लोक खूश, की हे बघा खरे हिरो, जस्टिस लीगने इतक्या वर्षांत काय केलं. मग लीगचे एकेक जण पकडले जातात, बॅटमनचं विमान पाडलं जातं, आणि तो मेला असं समजून कोणी त्याचा शोधही घेत नाही कारण तो साधा माणूस, त्याच्यात शक्ती कसली. पण तो एवढंच बघतो की जळत्या विमानाजवळ यायला हे लोक बिचकले. बस, तेवढ्यावरून ओळखतो की हे मंगळावरचे, लीगमधल्या मार्शियन मॅनहंटरचेच भाऊबंद, आणि मंगळवाल्यांचा जीव आगीपुढे जातो. मग ते पान येतं, जमिनीवर पेट्रोलचं रिंगण, मधे हायपरक्लॅनवाले, आणि समोर माचिसची काडी घेतलेला बॅटमन. एक काडी! बाकी सगळ्या टीमकडे डोंगर हलवायची ताकद आहे आणि डाव पलटतो तो काडीने. आजही ते पान आलं की मी थांबतोच.

पण यावेळी मी त्याच्यापुढच्या, चौथ्या अंकात जास्त वेळ थांबलो. लढाई संपलीये आणि वंडर वुमन विचारते की आपण फार करतोय की फार कमी, मदत कुठे संपते आणि हुकूमत कुठे सुरू होते. सुपरमॅन म्हणतो की माणसांनी त्यांची चढण स्वतः चढायला हवी, आपण उचलून न्यायचं नाही. मग फ्लॅश विचारतो की असं असेल तर आपली गरजच काय. आणि सुपरमॅनचं उत्तर एका ओळीचं आहे, ते पडले तर झेलायला. पूर्वी ही ओळ मी छान डायलॉग म्हणून वाचून पुढे गेलो होतो, आता वाटतं की पुढचे सगळे अंक त्या एका ओळीवरच उभे आहेत. (आणि तरीही हरलेल्या मंगळवाल्यांची स्मृती पुसून त्यांना माणसांत मिसळून टाकतात, ते मला तेव्हाही खटकलं होतं आणि आत्ता तर जास्तच खटकलं.)

पाचवा अंक अख्ख्या सिरीजमधला माझा सगळ्यात लाडका झालाय. टुमॉरो वुमन नावाची नवी मेंबर येते, सगळ्यांना आवडते, आणि ती असते प्रोफेसर आयव्हो आणि टी. ओ. मॉरो या दोघांनी लीगला संपवायला बनवलेली मशीन, डोक्यात बॉम्ब ठेवलेली. तिला स्वातंत्र्य म्हणजे काय हे शिकवलेलंच नसतं. आणि एका अंकात, बाविसेक पानांत, ती या लोकांबरोबर राहून ते शिकते आणि त्यांना मारायचं सोडून त्यांच्यासाठी स्वतः मरते. इतक्या कमी जागेत हे बसवलंय की शेवटच्या पानापर्यंत ती जुन्या मैत्रिणीसारखी वाटायला लागते. यावेळी मला रडू आलं, पहिल्यांदा नव्हतं आलं.

नवख्या लोकांवर या लेखकाचा फार जीव आहे. काइल रेनर, नवा ग्रीन लँटर्न, याच्याकडे वॉली, म्हणजे फ्लॅश, सतत आधीच्या ग्रीन लँटर्नशी, हॅल जॉर्डनशी तुलना करून बघतो, आणि काइल ते ऐकून घेत घेत हळूहळू टीमचा होतो. आठव्या-नवव्या अंकात कॉनर हॉक, नवा ग्रीन अ‍ॅरो, चंद्रावरच्या वॉचटॉवरमध्ये, लीगच्या तळावर येतो तर आख्खी लीग ‘की’ (Key) नावाच्या व्हिलनने स्वप्नात अडकवलेली, कॉनरचे स्वतःचे बाण गेलेले, उरलेत ते फक्त वडिलांचे विचित्र ट्रिक बाण, जे त्याला अजिबात पसंत नाहीत. आणि तो बॉक्सिंग ग्लोव्हच्या बाणाने जिंकतो. वडिलांचा वारसा नको नको म्हणणाऱ्या मुलाला नेमका तोच कामाला येतो, हे लेखकाने कुठेही भाषण न देता दाखवलंय.

सगळंच जमलंय असं नाही. पोर्टरची पानं कधीकधी इतकी गच्च भरलेली असतात की कोण कोणाला मारतंय ते दोनदा बघावं लागतं, आणि वंडर वुमनला तो प्रश्न विचारायला मिळाला तसं काम पुढे फार वेळा मिळत नाही. रॉक ऑफ एजेस, म्हणजे १० ते १५, पहिल्यांदा मला नीट कळलंच नव्हतं, लेक्स लुथरची टोळी, जोकर, मग एकदम भविष्यात डार्कसाइड नावाच्या दुष्ट देवाच्या ताब्यातली पृथ्वी. आता सलग वाचलं तर धागा लागला. आणि १५ व्या अंकात मेट्रॉन, असाच एक देव, सांगून जातो की पुढचे देव पृथ्वीवरच्या माणसांतून होणार, हे मी तेव्हा वाचलं होतं की नाही देव जाणे.

कारण ४१ व्या अंकात नेमकं तेच होतं. मॅगेडॉन नावाचं युद्धाचं जुनं यंत्र पृथ्वीवर येतं, सगळे देश एकमेकांवर उठतात, सुपरमॅन त्या यंत्राच्या आत अडकून हताश झालेला असतो, म्हणजे झेलणाराच पडलाय. आणि मग पृथ्वीवरच्या साध्या माणसांना थोड्या वेळापुरती शक्ती मिळते आणि ते सगळे आकाशात वर जातात, लीगच्या मदतीला. नंतर ती शक्ती जाते, माणसं परत माणसं होतात. ते वाचून झाल्यावर मी उठलो, चौथा अंक परत काढला आणि शेवटची पानं पुन्हा वाचली, फ्लॅशचा प्रश्न आणि ती एक ओळ.

आता १९९८ चं डीसी वन मिलियन काढून ठेवलंय, ८५३ व्या शतकात घडणारं, ते आज रात्री सुरू करतो.