गुलमोहराचा शेंडा

पावसाळा तोंडावर आला की आम्हा झाडं छाटणाऱ्यांना सोसायट्यांचे फोन सुरू होतात आणि बहुतेकांचं मागणं एकच: "वरून निम्मं उडवा." ठाण्यातल्या एका सोसायटीचे चेअरमनकाका तर म्हणाले, "गुलमोहर गाड्यांवर पडेल हो. पैसे वाढवून घ्या, पण यंदा पार बोडका करा."

महापालिकेची परवानगी होती, पण छाटणीची. 1975 च्या राज्याच्या वृक्ष कायद्यात झाडाला कुठल्याही प्रकारे इजा करणं हेही तोडण्यातच धरलंय, असं मी सांगितलं. काकांनी मान डोलावली. "मागच्याने तर केलं होतं!"

मागच्याने काय केलंय ते बघायला दोर टाकून वर गेलो. मांडीएवढं खोड सरळ आडवं कापलेलं, कडेने मनगटाएवढे फुटवे. खालून झाड कसं डेरेदार दिसत होतं! कापाच्या मधोमध पाणी साचलेलं, त्यात कुजका पाला. स्क्रूड्रायव्हर टेकवला, तर मुठीपर्यंत आत गेला. गाड्या हलवून घेतल्या, एका फुटव्याला दोर बांधला आणि खालच्या गड्याला ओढायला लावलं. फुटवा मोडला नाही, सालीसकट सोलून आला.

तो काकांच्या हातात दिला. मूळची फांदी खोडाबरोबर वाढते, दरवर्षी तिच्याभोवती लाकडाचा थर चढतो. हे फुटवे सालीखालच्या डोळ्यांतून आलेले, नुसते वरवर धरलेले. शेंडा मारला की पानं एकदम जातात, मग झाड साठवलेलं अन्न खर्चून भराभर उंच होतं. काही पावसाळ्यांत उंची पहिल्याइतकी, पकड मात्र नाही. (एका बंगल्यात मला माडाचाही शेंडा मारायला सांगितलं होतं. माडाला कोंब एकच, तो गेला की माड गेला.)

खरं तर शेंडे मारणं आमच्या धंद्याला सोयीचंच, तेच गिऱ्हाईक परत येतं. "आपण नाही केलं तर दुसरा करेल," हे आमच्यात सगळेच म्हणतात आणि ते खोटंही नाही. तरी मी नको म्हणतो. फुटवा कोणाच्या गाडीवर पडला की शेवटी झाडावर कोण चढलं होतं, तेवढंच लोकांच्या लक्षात राहतं.

मग पार्किंगकडे झुकलेले फुटवे काढले, बाकीच्यांची टोकं हलकी केली. जाड फांदी आधी खालून थोडी कापायची, मग वरून, म्हणजे साल फाटत नाही. उरलेला खुंट शेवटी, बुडाशी फुगीर कड असते तिला न दुखवता. जखम तिथूनच भरत येते.

संध्याकाळी काकांनी ढीग पाहिला. "एवढ्याच फांद्या? आणि बिल जास्त?"

"काका, बोडकं करायला दोन तास लागतात. हे वेचून कापायला दिवस गेला."

त्यांनी पाचशे कमी केलेच. मागच्या दोन अशोकांचे शेंडे पुढच्या आठवड्यात दुसऱ्या कोणाकडून मारून घेतले, तेही स्वस्तात, असं वॉचमनने फोनवर सांगितलं.