रकान्यापाशी थांबलेला हात

"शिक्षण काय लिहू?" अर्जाच्या त्या रकान्यापाशी अक्कांचा पेन थांबला.

आज आमच्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका शाळेत व्यवस्थापन समितीसाठी पालकांची निवड होती. मागून कुणीतरी म्हणालं, "विड्या वळणाऱ्या बाईला शाळेतलं काय कळणार?"

अक्कांनी मागे पाहिलं नाही. 'सातवी' लिहिलं आणि बोलायला उभ्या राहिल्या.

"पोरगी घरी तेलुगू बोलते. पहिलीत सहा महिने गप्प बसली. सगळ्यांना वाटलं, मंद आहे. लहान पोरांशी त्यांच्या भाषेत दोन शब्द बोलणारं कुणीतरी वर्गात पाहिजे. मी तेवढंच मागणार."

बोलताना त्यांचा अंगठा तर्जनीवर फिरत होता, विडी वळताना फिरतो तसा.

२००९ चा शिक्षण हक्क कायदाही हेच म्हणतो: शक्य तिथवर मातृभाषेतून शिकवा. समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत, निम्म्या महिला हव्यात. शाळेचा विकास आराखडाही याच समितीने करायचा. पालकाला पदवीची अट कायद्यात नाही.

अक्का निवडून आल्या. पण ते सहा महिने माझ्या डोक्यातून जात नाहीत. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू एकाच गल्लीत ऐकू येणारं आपलं गाव, आणि एक पोर वर्गात गप्प!

तुमच्या मुलांच्या शाळेचा आराखडा तुम्ही कधी वाचलाय का?