वेळ कुठून काढता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तसं सगळेच विचारतात. लिफ्टमध्ये विचारतात, मीटिंगला उरलेली माणसं यायची वाट बघत बसलेलो असताना विचारतात. "मॅडम, नोकरी सांभाळून एवढं पळायला वेळ कसा मिळतो हो तुम्हाला?" हेतू चांगलाच असतो, पण प्रश्नाला एक शेपूट असतं : आम्हाला तर बुवा मान वर करायला फुरसत नाही. म्हणजे माझ्याकडे काम कमी असणार. बायकांच्या वाट्याला आणखी एक शेपूट येतं, "मग घरी कोण बघतं?" आमच्याच मजल्यावर एक पळणारे गृहस्थ आहेत. त्यांना हे कुणी विचारल्याचं माझ्या कानावर नाही.

"वेळ काढावा लागतो" असं मी बरीच वर्षं सांगत आले. ते खोटं नाही, पण पोकळ आहे. मी ऑडिटमधली बाई. पैसे आले असं कुणी म्हणालं की कुठून आले ते विचारायची सवय. म्हणून एक महिनाभर वहीत लिहून काढलं.

पहिली गोष्ट म्हणजे, पाऊण तास पळायला पाऊण तास लागत नाही. उठून डोळे उघडेपर्यंत दहा मिनिटं, आवरून दाराबाहेर पडेपर्यंत दहा, सांधे कुरकुरत असतात तोवर पाच मिनिटं चालणं, मग पंचेचाळीस मिनिटं पळणं. परत आल्यावर पोटऱ्या ताणायच्या, घाम जिरू द्यायचा, मग आंघोळ. (घाम जिरण्याआधी आंघोळ केली तर कपडे चढवल्यावर तो पुन्हा फुटतो. हा शोध मला इस्त्रीचे दोन शर्ट बाद झाल्यावर लागला.) दीड तास कुठेच जात नाही. आठवड्यातून चार दिवस, म्हणजे सहा तास. सुट्टीच्या दिवशीचा लाँग रन, म्हणजे लांब पल्ल्याचं पळणं, यात धरलेला नाही, त्याचं खातं वेगळं आहे.

हे सहा तास मी आधी सकाळी शोधत होते. सकाळी ते नव्हतेच. ते रात्री सापडले. दहा ते साडेअकरा या वेळात मी रोज काय करत होते याचा एकही कागद मला वहीत जोडता आला नाही. फोन हातात होता एवढं नक्की. व्हाउचर नसलेला खर्च. तो बंद केला आणि पाचचा गजर सुसह्य झाला. त्यामुळे माझं पळणं रात्री दहाला सुरू होतं असं मी म्हणते. मोजे बुटात कोंबलेले, दाराची किल्ली उजव्या बुटाच्या लेसमध्ये ओवून वर गाठ मारलेली, घड्याळ चार्जिंगला. पहाटे पाचला आपलं डोकं फार हुशार वकील असतं. एक मोजा सापडत नाही एवढ्या मुद्द्यावर ते खटला जिंकून पुन्हा पांघरुणात शिरतं.

पण नुसता वेळ सापडून भागत नाही. पहिल्या वर्षी वेळ होता, तरी चौथ्या महिन्यात मी घरी बसले. कारण असं की वेळ थोडा आहे तर तो वसूल करायचा, या हिशेबाने मी रोज जीव तोडून पळायचे. धापा टाकत परत आलं की व्यायाम झाल्यासारखं वाटायचं. दुपारी तीनला मात्र पडद्यावरचे आकडे तरंगायला लागायचे. एकदा एका ताळेबंदात दोन आकडे मी सरळ उलटे लिहिले. साहेब काही बोलले नाहीत, पेन्सिलने गोल करून कागद परत पाठवला. त्याच आठवड्यात उजव्या नडगीच्या आतल्या बाजूला दुखायला लागलं. आधी पळताना, मग जिना उतरताना, मग नुसतं उभं राहिल्यावर.

फिजिओथेरपिस्ट बाईंनी अंगठ्याने नडगी चाचपत चाचपत एका जागी दाबलं आणि मी टेबलावरून उडालेच. सहा आठवडे पळणं बंद. वर त्यांनी समजावलं की दम काही आठवड्यांत वाढतो, पण हाडं आणि स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरा यांना तोच ताण पेलायला महिने लागतात. दम वाढला म्हणून माणूस अंतर आणि वेग दोन्ही वाढवतो, आणि पाय मागे राहतात. मग त्यांनी विचारलं, "पळताना बोलता येतं का?"

"कुणाशी?"

"स्वतःशीच बोला. पण वाक्य पूर्ण झालं पाहिजे."

तेव्हापासून मी हळू पळते. वेळेच्या प्रश्नाचं माझं खरं उत्तर हेच आहे, पण ऐकणाऱ्याची त्यात निराशा होते. पूर्ण वाक्य बोलता येईल इतकंच हळू पळलं की दुपारी तीनला माणूस शाबूत असतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पळू शकतो. त्या वेगाने शरीरात काही होत नाही असंही नाही. स्नायूंमधल्या केशवाहिन्या, म्हणजे केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या, वाढतात, पेशींमध्ये ऊर्जा तयार करणारी मायटोकॉन्ड्रिया वाढतात, चरबीतून ऊर्जा काढायची सवय होते. स्टीफन सायलर या संशोधकाने अव्वल खेळाडूंचा सराव तपासला, तेव्हा त्यांचीही सुमारे ८० टक्के सत्रं सावकाशीचीच निघाली. हे वाचून मला बरं वाटलं, पण पहिले काही आठवडे लाज वाटायची ती वाटलीच. कुत्र्याला फिरवायला निघालेली माणसं मला गाठायची. एकाने तर "बरं वाटत नाहीये का?" असंही विचारलं.

नोकरी करून पळणाऱ्यांत मला सगळ्यात जवळचा वाटतो तो जपानचा युकी कावाउची. सायतामा प्रांतातल्या एका सरकारी शाळेत तो कारकून होता. काम दुपारी सुरू व्हायचं, म्हणून सराव सकाळी, आणि तोही दिवसातून एकदाच. आठवड्यातले दोन दिवस कडक सराव, बाकीचे दिवस सावकाश. २०१८ च्या एप्रिलमध्ये बॉस्टन मॅरेथॉनला गारठवणारा पाऊस होता आणि वारा समोरून येत होता. भलेभले व्यावसायिक धावपटू मध्येच थांबले आणि हा कारकून २ तास १५ मिनिटं ५८ सेकंदांत पहिला आला. पुढच्या वर्षी त्याने नोकरी सोडली आणि तो पूर्णवेळ धावपटू झाला. मला उगीचच थोडं वाईट वाटलं, आपल्यातला एक गेला असं.

इंग्लंडचा रॉन हिल वस्त्ररसायनातला डॉक्टरेट. १९७० ची बॉस्टन त्याने जिंकली, आणि कामावर जातायेताना तो पळत जायचा. डिसेंबर १९६४ पासून जानेवारी २०१७ पर्यंत, म्हणजे बावन्न वर्षं, रोज निदान एक मैल त्याने चुकवला नाही. पायाच्या शस्त्रक्रियेनंतर कुबड्या घेऊनसुद्धा मैल पुरा केला. लोक हे कौतुकाने सांगतात, मला ते पटत नाही. वर्षअखेरच्या क्लोजिंगमध्ये मी आठ-दहा दिवस बूट बघतही नाही आणि त्याने काही बिघडत नाही. परत सुरू केल्यावर पहिले दोन दिवस पाय लाकडी लागतात, तिसऱ्या दिवशी ओळख देतात.

पळत कामावर जायची त्याची कल्पना मात्र मी उचलली. आदल्या दिवशी कपडे ऑफिसात नेऊन ठेवायचे, सकाळी हात हलवत पळत जायचं आणि तिथेच आंघोळ. तीन आठवडे फार थाटात चाललं. चौथ्या आठवड्यात कपाट उघडलं तर शर्ट, पँट, टॉवेल, सगळं आहे, चपला नाहीत. अकराला नव्या क्लायंटसमोर सादरीकरण. काळी फॉर्मल पँट आणि खाली पोपटी रंगाचे बूट घालून मी घसाऱ्याच्या पद्धतीवर चाळीस मिनिटं बोलले. कुणी काही म्हणालं नाही. शेवटी त्यांच्या वित्तप्रमुखांनी एकच शंका विचारली, "हाफ की फुल?"

फुल, म्हणजे पूर्ण मॅरेथॉन. त्यासाठीच लाँग रन. हिशेब सोपा आहे : एक किलोमीटर पळायला वजनाच्या दर किलोमागे साधारण एक किलोकॅलरी लागते. माझं वजन साठ, म्हणजे ४२.१९५ किलोमीटरला अडीच हजार. स्नायू आणि यकृत मिळून ग्लायकोजेनचा, म्हणजे शरीरात साठवलेल्या साखरेचा, साठा दोन हजारांच्या आसपास. म्हणून तिसाव्या किलोमीटरनंतर भल्याभल्यांचे पाय शिशाचे होतात. उरलेली तूट चरबीतून भागवायला शरीराला शिकवावं लागतं, आणि ते शिक्षण अडीच-तीन तासांच्या सावकाश पळण्यात चांगलं होतं. वाटेत काहीतरी पोटात ढकलत राहायचं, तोही सरावाचाच भाग.

आता हे तीन तास रात्रीतून निघत नाहीत. वहीत मी त्यांच्यासमोर काय लिहायचं म्हणून बराच वेळ पेन धरून बसले होते. ते सुट्टीच्या सकाळचे आहेत आणि त्या सकाळी मुलगी उठते, तिचं आवरायचं असतं, कपडे धुवायला टाकायचे असतात. हे तीन तास माझे नव्हतेच, ते नवऱ्याचे होते. "घरी कोण बघतं" या खवचट प्रश्नाचं उत्तर एवढं सरळ असल्याचं बघून मला जरा ओशाळल्यासारखं झालं, कारण तोवर मी त्याला धड विचारलंही नव्हतं. नुसतं "येते हं" म्हणून निघायचे.

मग बसून बोललो. त्याची बासरी कॉलेजनंतर कपाटात पडली होती. आता बुधवार आणि शनिवारची संध्याकाळ त्याची, तेव्हा घर माझ्याकडे. लाँग रन तीन तासांचा, त्यावर नाही, असं ठरलं. गेल्या रविवारी अठ्ठावीस किलोमीटरला तीन तास पंचवीस मिनिटं लागली. मी दारात बसून लेसमधली किल्ली सोडवत होते. गाठ घामाने फुगली होती, सुटेना. तो आतून आला, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाला, "पंचवीस मिनिटं माझ्याकडे जमा." वहीत लिहून घेतलीत.