रिकाम्या गाडीचं पेट्रोल

शालिमारहून नाशिकरोडला जाणाऱ्या शेअर रिक्षात बसायचं म्हणजे आधी बसून राहायचं. मागच्या तीन सीट भरल्याशिवाय रिक्षा हलत नाही. माझी स्कूटर सर्व्हिसिंगला टाकलेली, एप्रिलची दुपार, आणि मागे मी नि लसणाची पिशवी मांडीवर घेतलेल्या एक आजी, एवढेच. रिक्षावाल्यानं "रोड, रोड, एक सीट" असं ओरडणंही सोडून दिलं होतं. तो मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. मी वाकून पाहिलं. (दुसऱ्याच्या मोबाइलमध्ये डोकावू नये हे खरं, पण शेअर रिक्षात न डोकावता बसायचं कसं?) लाल जीप, हिरवे डोंगर, एका कोपऱ्यात ब्रेक, दुसऱ्या कोपऱ्यात गॅस, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर. हिल क्लाइम्ब रेसिंग नावाचा गेम.

सकाळपासून द्वारका सर्कलमधून गाडी काढून काढून जीव नकोसा झालेला माणूस, जरा मोकळा वेळ मिळाला तर काय करतो? गाडी चालवतो. बरं, नुसती चालवत नव्हता, चढ आला की स्वतः पुढे झुकत होता. त्याच्याबरोबर मी झुकत होते. आजीही किंचित झुकल्यासारख्या वाटल्या, पण ते लसणाच्या वजनानंही असेल.

या झुकण्यावर माझं ठाम मत आहे. कार रेसिंग खेळताना जो माणूस वळणावर ताठ बसून राहतो, त्याच्यावर मी विश्वास ठेवत नाही. फोन वाकवला की गाडी वळते ही सोय पुढे आली. त्याआधी बटणांच्या फोनवरसुद्धा आम्ही कमरेतून वळत होतो. माझा भाऊ तर उजव्या वळणाला पलंगावरून खाली यायचा.

तेव्हा गेम डाउनलोड करत नसत, भरून आणत. एमजी रोडला मोबाइलच्या दुकानांची रांग आहे. तिथे मेमरी कार्ड द्यायचं, "गाणी भरा, थोडे गेमही टाका" म्हणायचं आणि तासाभरानं घेऊन जायचं. काय टाकायचं ते दुकानदार ठरवणार. भजनं हवी असलेल्या माणसाच्या कार्डात कुस्तीचे गेम आणि कॉलेजच्या पोरांच्या कार्डात गीतरामायण, असं दर दोन घरांत एकदा तरी झालेलं आहे. आमच्या कार्डात अ‍ॅस्फाल्ट आला. गेमलॉफ्ट या फ्रेंच कंपनीचा हा कार रेसिंगचा गेम २००४ पासूनचा, पण आम्हाला कंपनी एकच ठाऊक होती, एमजी रोडचा तो दुकानदार.

खरी गंमत बटणांच्या फोनवरच्या त्या जावा गेमच्या मापांत होती. कपड्यांसारखी मापं असत त्यांना: १२८ बाय १६०, १७६ बाय २२०, २४० बाय ३२०. ज्या फोनचा जेवढा स्क्रीन, तेवढ्या मापाचा गेम. भावाच्या फोनचा स्क्रीन मोठा, माझ्याकडे आईचा जुना फोन आलेला, छोट्या स्क्रीनचा. दुकानदार मापं बघत बसत नसे, त्यामुळे भावाच्या मोठ्या स्क्रीनवर लहान मापाचा गेम वरच्या कोपऱ्यात तिकिटाएवढा दिसायचा, बाकी सगळं पांढरं. आणि माझ्या फोनवर मोठ्या मापाचा गेम उघडला, तर रस्त्याचं आभाळच दिसायचं. गाडी खाली कुठेतरी, स्क्रीनच्या बाहेर. मी तशीच खेळायचे. आवाजावरून कळायचं धडक बसली की नाही ते.

पुढे मापाचा गेम मिळाला, तेव्हा कळलं की नाव एक असलं तरी आमचे दोघांचे गेम एक नव्हेत. भावाच्या गेममध्ये रस्त्याच्या कडेला इमारती, झाडं, समुद्र. माझ्या गेममध्ये रस्ता. कडेला काही म्हणजे काही नाही, मनमाड सोडल्यावर उन्हाळ्यात असतं तसं. फोन हलका म्हणून त्याच गेममधलं जे जे परवडत नाही ते उतरवून ठेवलेलं. भाऊ मला चिडवायचा. पण मी त्याच्यापेक्षा पटकन शिकले, कारण बघायला दुसरं काही नव्हतंच. ४ म्हणजे डावीकडे, ६ म्हणजे उजवीकडे. दोन महिन्यांत या दोन बटणांवरचे आकडे पुसले गेले आणि मग ती दाबूनही दबेनात. एच आणि आय ही दोन्ही अक्षरं ४ वर, एम, एन आणि ओ ६ वर. त्यामुळे त्या वर्षी मी मैत्रिणींना पाठवलेले मेसेज अजून कोणाकडे असतील तर ते वाचायला भाषातज्ज्ञ बोलवावे लागतील.

नंतर स्मार्टफोन आले आणि गेम फुगत गेले. अ‍ॅस्फाल्ट ८ आला २०१३ मध्ये, शेकडो एमबीचा. तो घ्यायचा तर लग्नाचे फोटो उडवावे लागत. लोकांनी उडवलेही असतील. मग २०१५ मध्ये त्याच कंपनीला काय वाटलं कोण जाणे, अ‍ॅस्फाल्ट नायट्रो काढला, पंचवीस एमबीच्या आसपासचा. स्वस्तातल्या फोनवाल्यांसाठी. मला तो फार आवडला. झाडं परत कमी झालेली, रस्ता परत मोठा.

पण मी सांगत होते मामांबद्दल. म्हणजे सांगणार होते.

मामा एसटीत ड्रायव्हर होते. विनाअपघात सेवेचा बिल्ला आहे त्यांच्याकडे, देवघराच्या कप्प्यात. सप्तशृंगी गडाची ड्यूटी त्यांनी बरीच वर्षं केली. यात्रेच्या दिवसांत खासगी गाड्या नांदुरीला पायथ्याशी अडवतात आणि वर फक्त एसटी जाते. त्या दिवसांत मामा सकाळपासून रात्रीपर्यंत तोच घाट वर-खाली करत असत. रिटायर झाल्यावर मुलानं फोन दिला आणि नातवानं त्यात हिल क्लाइम्ब टाकून दिला. "आबा, तुमच्यासाठी घाटाचा गेम."

हा गेम २०१२ चा, फिनलंडमधल्या औलू गावच्या फिंगरसॉफ्टचा. न्यूटन बिल नावाचा एक इसम जीप घेऊन डोंगर चढत सुटतो. का, कुठे, ते कोणी विचारत नाही. खाली दोनच पेडल. क्लच नाही, गिअर नाही, हॉर्न नाही. मामांनी पहिल्यांदा पाहिला आणि हॉर्न शोधला.

मग तक्रारी सुरू झाल्या. त्या अजून चालू आहेत. पहिली, ब्रेकची. या गेममध्ये गाडी थांबल्यावरही ब्रेक दाबून धरला की जीप मागे जायला लागते. मामा म्हणाले, "ब्रेकला रिव्हर्स कोणत्या मेकॅनिकनं जोडला? त्याला डेपोत एक दिवस ठेवला नसता." दुसरी तक्रार, उडीची. चढावरून सुसाट गेलं की जीप हवेत जाते, आणि हवेत असताना गॅस दाबला की नाक वर होतं, ब्रेक दाबला की खाली. कोलांटी मारली तर वर नाणी मिळतात. "हवेत गेली म्हणजे संपली," मामा म्हणाले. "त्याचं बक्षीस कसलं देतात?" तिसरी, बिलच्या मानेची. जीप उलटली नि त्याचं डोकं जमिनीला लागलं की मान मोडते, खेळ खलास, आणि वर त्या क्षणाचा फोटो निघतो, कोणाला पाठवायचा असला तर. जीपला ओरखडासुद्धा नसतो. यावर मामा काही बोलले नाहीत. फोन उपडा ठेवून चहा प्यायले.

सगळ्यात मोठी तक्रार मात्र पेट्रोलची. एसटीत एका लिटरला किती किलोमीटर गाडी काढली याचा हिशोब डेपोत प्रत्येक ड्रायव्हरच्या नावापुढे असतो. केएमपीएल म्हणतात त्याला, आणि मामांचा केएमपीएल चांगला होता, हे त्यांना न विचारताही ते सांगतात. तेव्हा त्यांनी बिलची जीप तशीच चालवली. चढाला अलगद रेस, उताराला ब्रेकवर पाय, म्हणजे बोट. न्यूटरल मारून उतरवायची नाही, ते घाटात चालत नाही. आणि तरी पेट्रोल संपलं. मग त्यांनी जीप सपाटीला उभी करून ठेवली आणि बघत बसले. उभ्या गाडीचं पेट्रोल संपलं! या गेममध्ये ते गॅसवर नाही, वेळेवर उतरतं. पळा नाही तर उभे राहा, टाकी रिकामी होतच राहते. मामांनी गाडी बंद करायची चावी शोधली. ती नाही. "मग ड्रायव्हरचं कसब कशात?" ते मला विचारत होते. मी फिनलंडची कोणी लागत असल्यासारखं.

तरी त्यांनी गेम सोडला नाही. कारण त्यात बस आहे. नाणी साठवली की नवनव्या गाड्या घेता येतात, मोटारसायकल, ट्रॅक्टर, काय काय, आणि त्यांत एक टूरिस्ट बस. नातवानं ती दाखवली त्या दिवसापासून मामा नाणी जमवताहेत. उड्या न मारता. त्यामुळे वेळ लागतोय. जीपचं इंजिन, टायर वगैरे वाढवून घेतले तर भरभर जमतील, असं नातवानं समजावलं. मामांनी ऐकलं नाही. जीपवर कशाला खर्च करायचा?

मग नातवानं दुसरा भाग टाकून दिला. हिल क्लाइम्ब रेसिंग २, २०१६ चा. त्यात बस लवकर मिळते, स्कूटरसुद्धा. मामांनी उघडला, एकदा खेळले आणि बंद केला. त्यात बिल एकटा नसतो. शेजारी दुसऱ्यांच्या गाड्या धावतात आणि पहिलं यायचं असतं, पेट्या उघडायच्या असतात, ही पेटी अमुक वेळानं उघडेल म्हणून वाट बघायची असते. चित्रं पहिल्यापेक्षा फार सुंदर. नातू त्यावर फिदा आहे. मामा म्हणाले, "घाटात शर्यत लावणाऱ्यांना मी आयुष्यभर साइड दिली. आता त्यांच्यात जाऊ?"

त्यात एक खासगी भानगडही आहे, ती मामी सांगतात. दुसरा भाग टाकल्यावर मामांच्या फोनची जागा भरली. सकाळच्या ग्रुपवर रोज येणारे गडावरच्या देवीचे फोटो उतरेनात. देवी की शर्यत, एवढाच प्रश्न उरल्यावर तो सुटायला वेळ लागला नाही. पहिला भाग राहिला. तो कोणाच्या अध्यात ना मध्यात, नेट नसलं तरी चालतो.

मी एकदा त्यांच्या शेजारी बसून त्यांना खेळताना पाहिलं. ते झुकत नाहीत. अजिबात. माझ्या नियमात बसत नाही हे, तेव्हा मी विचारलं. तर म्हणाले, "मागं पन्नास माणसं बसलेली असतात. ड्रायव्हर झुकला की मागं भीती वाटते." मग जीपकडे बघून म्हणाले, "याच्या मागं कोणी नाही म्हणून तर हा असल्या उड्या मारतो." आणि बिलला एका खड्ड्यातून इतक्या सावकाश काढलं, की पलीकडे गेल्यावर पेट्रोल संपलं.

परवा फोन केला तेव्हा नाणी जवळजवळ झाली होती. बस या महिन्यात येईल म्हणाले. मी विचारलं, पहिली फेरी कुठली? गेममध्ये चंद्रसुद्धा आहे, तिथे गाडी उडाली की लवकर खाली येतच नाही, नातवाचा तिथेच आग्रह आहे. मामा म्हणाले, चंद्राचा प्रश्नच नाही. आर्क्टिकला बर्फावर ब्रेक लागत नाही, तिकडेही नको. वाळवंटाला हरकत नव्हती, पण एवढ्या लांब रिकामी बस न्यायची म्हणजे केएमपीएल पडणार, आणि डेपोत विचारलं तर सांगायचं काय?