बक्षीस दारातून आत जायला हवे

वाचकांसाठी ठेवलेल्या गृहसजावट स्पर्धेची सोडत आज काढली. प्रवेशिकांना क्रमांक देऊन संगणकाकडून त्यांतला एक निवडून घेणे हे काही क्षणांचे काम. दिवस गेला तो त्याआधीच्या छाननीत. एकाच व्यक्तीने वेगवेगळ्या नावांनी पाठवलेल्या प्रवेशिका बाद केल्या आणि ज्यांनी आपल्या खोलीचे छायाचित्र पाठवले होते, त्यांनी ते प्रसिद्ध करण्याची लेखी परवानगी दिली आहे ना, हेही पाहिले. (एका छायाचित्रात सोफ्यापेक्षा त्यावर पसरलेले मांजरच भाव खाऊन गेले होते.)

विजेत्या बाईंना फोन केला, तेव्हा आनंद व्यक्त करून झाल्यावर त्यांनी लगेच बक्षिसाच्या आरामखुर्चीची रुंदी विचारली, कारण त्यांच्या जिन्याचे वळण अरुंद आहे. मला हा प्रश्न फार आवडला. फर्निचर बक्षीस म्हणून देताना मापे, वाहतुकीचा खर्च आणि जोडणीची जबाबदारी नियमांतच स्पष्ट लिहावी लागते, ती याचसाठी. १८५९ सालच्या थोनेट कंपनीच्या १४ क्रमांकाच्या खुर्चीचे भाग सुटे होत असल्यामुळे अशा ३६ खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावत. आमची आरामखुर्ची तितकी समजूतदार नाही. तिचे पाय तरी निघतात का, हे विक्रेत्याला विचारून ठेवले आहे, आणि बाई उद्या जिन्याचे माप कळवणार आहेत.