पुलापलीकडची भाकरी

आमच्या नीरेत लहानपणी एक नियम होता. पंढरपूरला निघालेल्या ज्ञानोबा माउलींच्या पालखीला पोचवायला जायचं ते पुलापर्यंतच. पूल ओलांडला की पाडेगाव, म्हणजे सातारा जिल्हा. आज्जी म्हणायची, "पोचवणाऱ्यानं वेस ओलांडू नये." नदी हीच आमची वेस. वारकरी टाळ वाजवत पलीकडे जायचे, आणि आम्ही पोरं पुलाच्या अलीकडे, शेवटची पताका दिसेनाशी होईपर्यंत उभी राहायचो. मग घरी येऊन रिकाम्या दुरड्या मोजायच्या.

लग्न होऊन पुण्याला गेले, तरी जवळजवळ दरवर्षी त्या दिवसापुरती माहेरी यायचेच. पण माउलींबरोबर पूल काही ओलांडला नव्हता. यंदा नोकरीतून मोकळी झाले, दिंडीची भिशी, म्हणजे वाटेतल्या जेवणाखाण्याची वर्गणी, भरली आणि आळंदीहून चालायला लागले. वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी पहिली वारी. आळंदी ते पंढरपूर साधारण अडीचशे किलोमीटर आहे, त्यातलं सगळं काही इथे लिहीत नाही. पुणं, दिवे घाट, सासवडचे दोन मुक्काम याबद्दल खूप जणांनी लिहिलं आहे. सासवडला असताना सोपानकाकांची पालखी निघताना पाहिली, एवढं मात्र सांगते. थोरल्या भावाचा मुक्काम असताना धाकटा आपल्या वाटेनं पंढरीला निघतो. त्या वेळी माझ्या शेजारी उभ्या असलेल्या परभणीकडच्या मावशी पदर डोळ्यांना लावून म्हणाल्या, "भाऊ भाऊ हायेत शेवटी." सातशे वर्षांपूर्वीची भावंडं, पण मावशी बोलत होत्या ती शेजारच्या घरातल्या मुलांबद्दल बोलावं तशी.

या मावशींशी माझी गाठ जेजुरीच्या पुढे पक्की झाली. दौंडजच्या खिंडीत न्याहारीला बसलो तेव्हा त्यांनी स्वतःहून माझ्या पायाचा फोड सुई-दोऱ्यानं फोडून दिला. दोरा आत तसाच ठेवायचा, म्हणजे पाणी निथळत राहतं, हे त्यांनी शिकवलं. त्यांची ही तेरावी वारी. दोन एकर कोरडवाहू, पेरणी मुलावर सोपवून आलेल्या. रोज संध्याकाळी तळावर पोचलं की त्यांचा पहिला फोन एकच : "पाऊस झाला का रे?"

वाल्ह्याच्या मुक्कामी मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी नीरा. पहाटे तीनला टँकरच्या पाण्यानं अंघोळ उरकून मी राहुटीच्या तोंडाशी बसून राहिले. पहिला कर्णा फुंकला तसे तंबू सुटायला लागले, तिसऱ्याला सोहळा हलला. आमची दिंडी रथामागची, त्यामुळे आम्हाला रस्त्याला लागायला बराच वेळ लागला. काकड्याचे, भूपाळ्यांचे, वासुदेवाचे अभंग आपापल्या क्रमानं चालले होते आणि माझं लक्ष मात्र रुळांकडे. जेजुरी, दौंडज, वाल्हे, नीरा, लोणंद : ही स्टेशनं मला पाढ्यांसारखी पाठ. आयुष्यभर पुणे-मिरज लाइनीवरून गाडीच्या खिडकीतून जो मुलूख पाहिला, तो आता पायाखालून जात होता. गाडीतून कधी कळलं नव्हतं की वाल्ह्यापर्यंत माळ आणि कुसळं असतात, आणि पिंपरे खुर्दच्या पुढे एकाएकी हवेत ओलसर, गोडसर वास येतो. तो उसाचा वास. वीरहून निघालेला नीरा डावा कालवा 1880 च्या दशकापासून इथून बारामती-इंदापूरकडे वाहतो आहे. पुरंदरचा कोरडा भाग जिथे संपतो तिथेच आमचं गाव सुरू होतं. मावशी थांबून उसाकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "एवढं पाणी!" त्यांना सांगायची इच्छा झाली की नदीपलीकडे पाडेगावला 1932 पासून ऊस संशोधन केंद्र आहे, तिथून प्रसारित झालेल्या को 86032 या उसाच्या जातीला 'नीरा' हेच नाव आहे. पण सांगितलं नाही. ज्याच्या शेतावर ढग थांबत नाही त्याला उसाचं कौतुक कसं सांगायचं?

गावाच्या अलीकडेच रांगोळ्या सुरू झाल्या. मी गावाला त्या बाजूनं कधी पाहिलंच नव्हतं. आतून पाहिलं होतं. वारीचा दिवस म्हणजे त्याआधीचे पंधरा दिवस हे मला आतून माहीत होतं. ग्रामपंचायतीची बैठक, गटारं उपसणं, रस्त्यातले खड्डे बुजवणं, पाण्यात औषध टाकणं, शाळेच्या वर्गांतली बाकं व्हरांड्यात काढून वर्ग झाडून ठेवणं. गिरणीवर रात्री बारापर्यंत रांग. आमच्या आळीत प्रत्येक घरी पहाटे दोनला चुली पेटायच्या. गॅस आल्यावरही भाकरी मात्र चुलीवरच, कारण एका वेळी तीन तवे चालवता येतात. सगळ्या आळीभर थापण्याचा आवाज आणि खालून धूर. मला वाटायचं देव येणार म्हणून जमीनच धपधप करते आहे.

आता बाहेरून आत आले तर तेच गाव कसं दिसलं? एक न्हावीदादा रस्त्याकडेला खुर्ची टाकून दाढ्या करत होता, पैसे कुणाकडूनच घेत नव्हता. त्याच्या पुढे चपला शिवणारे आजोबा; त्यांच्याकडे अंगठे तुटलेल्या चपलांचा ढीग. एका दवाखान्याच्या पायरीवर कॉलेजच्या मुली म्हाताऱ्यांच्या पायांना तेल लावत बसलेल्या. माझ्या वर्गातल्या एका मैत्रिणीचा मुलगा पाण्याच्या बाटल्या वाटत होता. त्यानं मला ओळखलं नाही. "घ्या माउली," म्हणाला आणि पुढच्या माणसाकडे वळला. मी हाक मारणार होते, पण मारली नाही. त्या क्षणी त्याच्या लेखी मी जी होते तेच राहावं असं वाटलं.

दुपारच्या विसाव्याला मी दिंडीप्रमुखांकडे घरी जाऊन येण्याची परवानगी मागितली. ते म्हणाले, "जा की. पण एकटीनं घरी जेवायला वारकरी जातो का? चौघींना घेऊन जा." म्हणून मावशी आणि आणखी तिघी माझ्याबरोबर आल्या.

घराच्या ओसरीवर पंगत बसलेली होती. चाळीस-पन्नास माणसं, सगळी अनोळखी. दादा वाढत होता, वहिनी आत पिठलं ढवळत होती. आई, ब्याऐंशी वर्षांची, उंबऱ्याशी पाटावर बसून भाकऱ्या जुन्या धोतराच्या फडक्यांत बांधत होती. दोन भाकऱ्या, मध्ये शेंगदाण्याची चटणी, वर गाठ. जेवून उठणाऱ्या प्रत्येकाच्या हातात एक गाठोडं. हे तिचं काम. आज्जीनंतर तिच्याकडे आलं, आणि गुडघे गेल्यापासून बसून करता येणारं तेवढंच उरलं.

मी पायाला हात लावला. तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला, "वाळलीस," म्हणाली. मी सवयीनं पदर खोचला आणि पिठल्याचं पातेलं उचलायला गेले, तर ती जोरात बोलली, "ठेव ते. आज तू वाढायचं नाहीस. पंगतीत बस."

मी बसले. जन्मल्या घरी, ज्या ओसरीवर मी वर्षानुवर्षं वाकून "अजून घ्या माउली" म्हणत फिरले होते, तिथे पत्रावळ पुढे घेऊन मांडी घालून बसले. दादानं भाकरी वाढली आणि माझ्याही पुढे वाकून म्हणाला, "सावकाश जेवा माउली." मला घास गिळता येईना. वाढणाऱ्याच्या बाजूनं मला सगळं माहीत होतं : कोणाला तिखट चालत नाही हे चेहऱ्यावरून कसं ओळखायचं, लाजणाऱ्या माणसाला न विचारता कसं वाढायचं. घेणाऱ्याच्या बाजूला काय असतं ते माहीत नव्हतं. तिथे नुसतं घ्यायचं असतं. परत काही द्यायला आपल्याकडे नसतं आणि समोरच्यालाही ते नको असतं. शेजारी मावशी शांतपणे जेवत होत्या. त्यांना तेरा वर्षांची सवय होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि भाकरीचा एक तुकडा मोडून माझ्या पत्रावळीत टाकला. "खा बाई. अजून लोणंद गाठायचंय."

निघताना आईनं मलाही गाठोडं दिलं. इतरांना दिलं तेवढंच, दोन भाकऱ्यांचं. वहिनी म्हणाली, "वन्सं, लाडू देते थोडे," तर आई म्हणाली, "नको. पंगतीला भेद नको."

दुपारी नीरास्नान. पुलाजवळ रथ थांबतो, माउलींच्या पादुका दत्तघाटावर नेतात आणि नीरेच्या पाण्यानं न्हाऊ घालतात. मी लहानपणी हे दादाच्या खांद्यावरून पाहिलेलं. यंदा गर्दीत मला पादुका दिसल्याच नाहीत. दिसले ते फक्त वर झालेले हात आणि "माउली, माउली" असा एकच आवाज, जो कानांनी नाही तर छातीनं ऐकू येतो. घाटावरून परतलेल्या कुणीतरी ओले हात झटकले, त्याचे चार थेंब माझ्यावर पडले. तेवढं माझं स्नान.

पाणी गढूळ होतं पण वाहतं होतं. काही वर्षं अशी गेली की पात्रात नुसते खडक, आणि स्नानासाठी वीर धरणातून पाणी सोडावं लागलं. आणि पाणी असतं तेव्हाही ते नेहमीच नदीचं पाणी म्हणावं असं नसतं; एरवी वर्षभर कधी फेस, कधी वास. याचं मला फार वाईट वाटतं आणि ते इथे लिहायलाच हवं. ज्या पाण्यात माउलींच्या पादुका बुडवायच्या त्या पाण्याकडे बाकी तीनशे चौसष्ट दिवस आपण पाहायचंच नाही, हे मला पटत नाही. ही नदी भोरकडच्या डोंगरात उगम पावते, आमच्या गावावरून जाते, नीरा नरसिंहपूरला भीमेला मिळते, आणि तीच भीमा पुढे पंढरीत चंद्रभागा होते. म्हणजे आमच्या घाटावरचं पाणीसुद्धा वारीच करतं. त्याच्यात आपण काय सोडतो ते शेवटी वाळवंटात उभ्या असलेल्या वारकऱ्याच्या पायाशी पोचतं.

2020 आणि 2021 साली रथ आला नाही, दिंड्या आल्या नाहीत. पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. त्या दोन्ही वर्षी आईनं पहाटे उठून पाच-पाच भाकऱ्या थापल्या होत्या. दादा सांगत होता, तिनं त्या गाईला घातल्या आणि दिवसभर कुणाशी बोलली नाही.

मग पूल आला.

दिंडीत चार-चारच्या ओळी असतात, थांबून मागं बघायला मिळत नाही. टाळाचा ठेका पायांना ओढून नेतो. पुलाच्या तोंडाशी मला आमच्या आळीतली पोरं दिसली, कठड्याला लागून ओळीनं उभी. एक मुलगी, असेल सात-आठ वर्षांची, दोन्ही हात जोडून प्रत्येकाकडे बघत होती. कुणालाही चुकवत नव्हती. माझ्याकडेही बघितलं. पुढच्या दहा पावलांत माझ्या पायाखाली पूल होता, खाली नीरा, आणि समोर पाडेगावच्या स्वागताची कमान. मागे गावात आता काय चाललं असेल ते न बघताही दिसत होतं. पत्रावळी गोळा करणं, खराटे, रस्त्यावर पाणी मारणं, घरोघरी एकदम पडलेली शांतता. पलीकडे एक बाई कळशी घेऊन उभी होती. तिनं माझ्या ओंजळीत पाणी ओतलं.

लोणंदला पोचलो तेव्हा दिवे लागले होते. कांद्याच्या बाजारपेठेचं हे गाव मला लग्नाच्या खरेदीपुरतं माहीत. समाजआरतीला तळावर उभी राहिले. चोपदारांनी चोप उंचावला आणि एवढ्या माणसांचा आवाज एका दमात थांबला. पोराचं रडणंसुद्धा ऐकू येईना. मग हरवलेल्या-सापडलेल्या वस्तूंची यादी : एक चष्मा, एक पिशवी, एका आजींचं गाव सांगून त्यांच्या दिंडीला हाक. आरती झाली.

राहुटीत आलो तर जेवणाला अवकाश होता. दिंडीचा ट्रक वाटेत गर्दीत अडकला होता. सगळ्या दमलेल्या, कुणी बोलत नव्हतं. मी पडशीतून गाठोडं काढलं. मावशींनी आपलं काढलं. तिघींनी त्यांची काढली. पाच गाठोडी, दहा भाकऱ्या आणि राहुटीत आम्ही चौदा जणी. मावशींनी भाकऱ्या मधोमध ठेवल्या आणि तुकडे करायला लागल्या.

भाकरीची एक कड करपलेली होती. वहिनीच्या भाकरीची असतेच. डाव्या हाताची चूल जास्त पेटते आणि तिचं लक्ष तीन तव्यांवर असतं. कोपऱ्यात बसलेल्या, जालन्याकडच्या एका आजींना दात नव्हते. त्यांनी तुकडा पाण्यात भिजवला, चटणी लावली, आणि बराच वेळ चघळत राहिल्या. इतकी वर्षं मी या भाकऱ्या पुलाच्या अलीकडून जाताना पाहिल्या होत्या. त्या कुठे पोचतात, कोण खातं, कोणत्या वेळी, हे घरात कुणाला कधी कळलं नव्हतं.

आजी म्हणाल्या, "कोन्या गावची हाय ही?"

मी म्हटलं, "नीरेची."

त्यांनी भाकरीचा उरलेला तुकडा कपाळाला लावला आणि पदराच्या टोकाला बांधून ठेवला, सकाळसाठी.

रात्री आईला फोन लावला. तिनं आधी विचारलं, "पोचली का भाकरी?"