वडगावच्या मुलीनं फिरवलेली सेमीफायनल

मी बॅडमिंटन शिकवते आणि पालकांशी माझं नेहमी एकाच गोष्टीवरून वाजतं. मुलगी जरा चमकायला लागली की त्यांना डबल्स नको होतं. सिंगल्सला नाव होतं, पेपरात फोटो येतो. डबल्स म्हणजे जिला एकटीनं जमत नाही तिच्यासाठी, हा समज आमच्या बेळगावात अजून घट्ट आहे. मी स्वतः सारी वर्षं डबल्स खेळले. हे कानावर पडलं की मला राग येतो आणि तो मी लपवत नाही.

माझी जागा नेटजवळची. मागून स्मॅश मारणारी जोडीदार म्हैसूरकडची. ती मारायची, समोरच्यांचं कसंबसं परत आलेलं शटल मी नेटवरच संपवायची. राज्य पातळीवर आमचं बरं चाललं होतं. मग तिला नोकरी लागली, ती दूर गेली, जोडी मोडली. सिंगल्स खेळणारीचं रँकिंग तिचं तिच्याजवळ राहतं. डबल्समध्ये ते जोडीचं असतं, त्यामुळे नव्या जोडीदाराबरोबर गुण पुन्हा जमवत बसावे लागतात. काही काळ मी ते केलं, नंतर शिकवायला लागले. २०११ साली ज्वाला गुट्टा आणि आपल्या कर्नाटकची अश्विनी पोनप्पा यांनी लंडनला जागतिक स्पर्धेत ब्राँझ जिंकलं, तेव्हा मी घरात नुसती ओरडत होते. जागतिक स्पर्धेत भारतीय महिला जोडीला मिळालेलं ते पहिलं पदक.

मला सांगायचंय ते गेल्या पावसाळ्यातल्या एका खुल्या स्पर्धेबद्दल. गट सतरा वर्षांखालच्या मुलींचा. कोल्हापूर, हुबळी, गोवा, सगळीकडून जोड्या आल्या होत्या. माझी जोडी अशी: एक इथल्याच टिळकवाडीची, उंच, खांद्यात ताकद असलेली, सिंगल्सलाही मानांकन मिळालेली. दुसरी वडगावची, बुटकी, घरी यंत्रमाग. तिच्याकडे स्मॅश नाही, पण सर्व्हिस अशी की मी माझ्या काळातही फार थोड्या जणींची तशी पाहिली.

सकाळीच टिळकवाडीच्या मुलीचे वडील माझ्याकडे आले. "मॅडम, डबल्सचं ह्या बारीला सोडूया की. दुपारी सिंगल्सची सेमी आहे, दम जातोय तिचा." मी सरळ नाही म्हटलं. नाव दिलंय, ड्रॉ लागलाय, आणि तिच्याबरोबर आणखी एक मुलगी कोर्टावर उतरणार आहे. त्या मुलीचा महिनोन्‌महिन्यांचा सराव मी एका घराच्या सोयीसाठी वाया जाऊ देणार नव्हते. ते गप्प बसले, पण नाराज होते.

दुपारची सिंगल्सची सेमी तीन गेम चालली आणि ती हरली. तासाभरानं डबल्सची सेमी. समोर गोव्याची जोडी, चपळ आणि एकमेकींना नीट ओळखणारी.

पहिला गेम आम्हाला मिळाला, त्यात हवेचाही वाटा होता. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचावर आहे, इथं शटल जरा लांब जातं. म्हणून स्पर्धेआधी हॉलमध्ये शटल तपासतात. मागच्या रेषेवरून खालून पूर्ण ताकदीनं मारलेलं शटल समोरच्या मागच्या रेषेच्या ५३ ते ९९ सेंटिमीटर अलीकडे पडायला हवं. शटल बरोबरच होतं, पण गोव्याच्या मुलींच्या हाताला सवय किनाऱ्यावरच्या हवेची. त्यांच्या लिफ्ट, म्हणजे खालून उंच उचलून मागे टाकलेले फटके, बाहेर जात राहिल्या. दुसऱ्या गेमपर्यंत त्यांनी हात आवरला आणि गेम घेतला.

तिसऱ्या गेममध्ये ८-१० असताना टिळकवाडीच्या मुलीच्या पोटरीत गोळा आला. स्मॅशला उडाली आणि खाली येताना कळवळली. दम खायला किंवा गोळा जायला खेळ थांबवता येत नाही, नियम तसा आहे. पुढचा गुणही गेला. ८-११ झाले, बाजू बदलायची, हातात फक्त साठ सेकंद. मी पोटरी चोळत होते. मनात एकच चाललं होतं, हिला मागे धावायला लागलं की संपलं. तिला पुढे ठेवायची, तर मागचं कोर्ट बघणार कोण?

तेवढ्यात वडगावची मुलगी म्हणाली, "मॅडम, मिक्सला मोठी पोरं उभारतात तसं उभारू? ही पुढं, मी मागनं सर्व्हिस करते."

मिक्स्ड डबल्समध्ये पुरुष सर्व्हिस करतो तेव्हा बहुतेक वेळा बाई त्याच्या पुढे, नेटजवळ उभी असते. मुलींच्या डबल्समध्ये हे मी तिला कधीच शिकवलं नव्हतं. संध्याकाळी मोठ्यांचा मिक्सचा सराव चालतो तेव्हा ही बाजूला शटलं गोळा करत असते, तिथं तिनं ते टिपून ठेवलेलं. पण एक अडचण होती. एरवी सर्व्हिस करणारी नेटपासून १.९८ मीटरवरच्या रेषेला चिकटून उभी राहते. जोडीदार पुढे असली की दीड-दोन पावलं मागे सरकावं लागतं. शटलला जास्त अंतर कापायचं आणि नेटवरून तरीही बोटभर उंचीनंच जायचं. मी म्हटलं, "जमेल?" "जमेल."

तिची ती सर्व्हिस माझ्या डोळ्यांसमोर आहे. शटलची पिसं अंगठा आणि बोटाच्या टोकात, बूच रॅकेटच्या जाळीकडे. बॅकहँडची पकड, रॅकेट वीतभर मागे आणि मग अंगठ्याचा नुसता रेटा. मनगट हललेलं दिसत नाही. शटल नेटच्या अलीकडेच आपली सगळी उंची गाठतं आणि नेट ओलांडतं ते उतरतीला लागूनच. समोरचीला वरून मारता येत नाही, उचलावंच लागतं.

गोव्याच्या मुलींनी पंचांकडे तक्रार केली, पुढची आडवी येते म्हणून. जोडीदारानं कुठंही उभं राहावं, फक्त समोरच्यांची नजर अडवू नये, असा नियम आहे. पंचांनी आमच्या मुलीला वाकायला सांगितलं, ती वाकली. उंच मुलगी, लांब हात, नेटवर वाकून उभी. दोन गुणांतच समोरच्यांना कळलं की इथून काही सुटणार नाही. मग त्या मागे उचलू लागल्या. मागची बुटकी आहे, मारून मारून काय मारणार, असा त्यांचा हिशेब.

तिनं मारलंच नाही. अर्धा स्मॅश, तोही दोघींच्या मधोमध. कुणी घ्यायचं यात दोघी क्षणभर थांबायच्या, परत येणारं शटल मऊ यायचं आणि पुढचीच्या रॅकेटवर पडायचं. बाहेर पाऊस इतका कोसळत होता की पत्र्याखाली हाका ऐकू येत नव्हत्या. आमच्या पोरींच्या हाका एरवी खिचडीच, मराठी 'माझं' आणि कन्नड 'बिडु', म्हणजे 'सोड', एकाच रॅलीत. त्या दिवशी पुढची पाठीमागे बोटं दाखवून खूण करायची. मागांच्या खडखडाटात वाढलेल्या मुलीला खुणा वाचायला शिकवावं लागलं नाही.

सर्व्हिस त्यांच्याकडे असली की हाल व्हायचे. टिळकवाडीच्या मुलीनं परतवलं तर ती तिथंच पुढे राहायची. वडगावचीनं परतवलं तर तिनं मागे पळायचं आणि लंगडत का होईना दुसरीनं पुढे यायचं. तीन-चार गुण त्यात गेलेच. तरी १८-१८ झाले, आणि २१-१९ नं आम्ही सामना काढला.

भारताच्या पुरुष डबल्समधल्या सात्त्विक-चिराग जोडीबद्दल मी मुलांना नेहमी सांगते. दोघेही मागून जोरात मारणारे, मलेशियाचे प्रशिक्षक टॅन किम हर यांनी त्यांना एकत्र आणलं. दोघांनाही मागेच राहून चाललं नसतं, चिरागनं नेटवरचा खेळ घडवला. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मोगेनसेनबरोबर रौप्य जिंकलेले डेन्मार्कचे मॅथियास बो पुढे त्यांचे प्रशिक्षक झाले. आयुष्य डबल्समध्ये काढलेला माणूस डबल्स शिकवायला आला. २०२३ मध्ये हांगझोऊला त्या जोडीनं आशियाई खेळांतलं बॅडमिंटनमधलं भारताचं पहिलं सुवर्ण जिंकलं. मोठ्या नावांचं हे पालकांना पटतं. आपल्या मुलीच्या बाबतीत पटवायला मात्र मला ती सेमीफायनल लागली.

सामना संपल्यावर वडील खाली आले. "ते पुढं उभारायचं तुम्ही सांगितलात होय?" मी म्हटलं, नाही, तिनं ठरवलं. ते वडगावच्या मुलीकडे गेले, काय बोलले ते मला ऐकू आलं नाही.

फायनल संध्याकाळी झाली. कोल्हापूरच्या जोडीनं आमची सेमी बसून पाहिली होती. त्यांनी लिफ्ट अगदी मागच्या कोपऱ्यात, तीही दर वेळी वडगावच्या मुलीच्या बॅकहँडला टाकली. मधोमध मारायला तिला जागाच मिळेना आणि टिळकवाडीच्या मुलीची पोटरी अजून धरलेली होती. दोन सरळ गेममध्ये हरलो.

कोल्हापूरकरांनी हेरलं ते बरोबर होतं. तिच्याकडे मनगट आहे, खांदा अजून नाही. आता सरावात मी दोघींच्या जागा उलट्या करते. टिळकवाडीची नेटवर, वडगावची मागे, आणि मी समोरून एकामागून एक शटल तिच्या बॅकहँडच्या कोपऱ्यात टाकते. कोपऱ्यात वेळेवर पोहोचून डोक्यावरून मारायला ती शिकतेय. पावलं येऊ लागली आहेत, जोर यायला वेळ लागेल. सिंगल्सचा सराव सकाळी, डबल्सचा संध्याकाळी, आणि दोन्हीला दोघी येतात.